पुलाखालून पाहिलेला पूल

तो कागद मला आमच्या पोदेराने, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याने, दाखवला. सकाळी साडेसहाला नेहमीसारखा सायकलचा हॉर्न वाजला, मी पिशवी घेऊन खाली उतरले, तर टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला करायच्या आधी त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पुलाच्या तोंडाशी विजेच्या खांबावर रात्री कुणीतरी कागद चिकटवला होता, त्याचा फोटो. "टीचर, हांगा कितें बरयलां?" इथे काय लिहिलंय, असं तो विचारत होता.

फोटो अंधारात काढलेला. मी दोन बोटांनी मोठा करून वाचला. कागद इंग्रजीत होता. पुलाची दुरुस्ती करायची आहे, त्यासाठी पूल सर्व वाहनांना पूर्ण बंद राहील, वाहनांनी पुढच्या पुलावरून जावं. तारीख पाहिली. पाच दिवसांनी.

पोदेराची भट्टी पलतडी, म्हणजे नदीच्या पलीकडच्या काठावर, आणि त्याची निम्मी गिऱ्हाइकं आमच्या बाजूला. पुढचा पूल म्हणजे सतरा किलोमीटरचा वळसा. मी त्याला मराठीत-कोंकणीत सगळं समजावून सांगितलं. त्याने माझे चार उंडे आणि दोन पोळ्या, दोन्ही पावाचेच प्रकार, मोजून दिल्या, सुटे पैसे परत केले आणि मग म्हणाला, "मागीर हांव कसो येतलो?" मग मी कसा येणार, याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे साडेतीन महिने आम्ही जे काही केलं, ते त्या प्रश्नापासून सुरू झालं.

गावाचं आणि नदीचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्यासमोर आम्ही भांडलो त्यांतले काही जण आजही त्याच खुर्चीवर आहेत, आणि जे आमच्या सोबत होते त्यांची परवानगी मी घेतलेली नाही. उत्तर गोव्यातली, पुढे मांडवीला मिळणारी, भरती-ओहोटीची खारी नदी, एवढं पुरे. दोन्ही काठांना खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं, बांधावर माड, आणि मध्ये पाच गाळ्यांचा अरुंद पूल. गाळा म्हणजे दोन आधारांमधला पुलाचा तुकडा. दोन बस समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागतं. पुलाच्या आधी इथे तार होती, होडीने माणसं पार व्हायची. माझ्या सासूबाई लग्न होऊन या गावात आल्या त्या होडीतून. पूल झाल्यावर तारीच्या पायऱ्या चिखलात बुडाल्या. ओहोटीला त्यातल्या वरच्या तीन दिसतात.

खाणी जोरात होत्या तेव्हा या पुलाने खनिजाचे ट्रक सोसले. २०१२ साली खाणी बंद पडल्या त्याच्या आधीची वर्षं आठवतात मला. सकाळी शाळेत जाताना ट्रकांची रांग पुलाच्या या तोंडापासून देवळाच्या वळणापर्यंत असायची, आणि पूल पायाखाली हलतो आहे हे चालणाऱ्याला कळायचं. लाल माती कठड्यावर, झाडांवर, आमच्या साड्यांवर. पूल दुखावला असेल तर त्यात नवल नव्हतं. म्हणूनच आधी लिहून ठेवते, दुरुस्ती हवी होती. ती आम्हीच दोनदा अर्ज करून मागितली होती.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी आदेशाचं मराठी केलं. दोन फुलस्केप कागदांवर मोठ्या अक्षरात लिहून एक देवळाच्या नोटीस बोर्डावर आणि एक पलतडच्या किराणा दुकानात लावला. संध्याकाळी देवळापाशी गेले तर तिथे पंचवीस-तीस माणसं उभी होती. कुणी ओरडत नव्हतं. मासे विकणाऱ्या मावशीने डोक्यावरची रिकामी पाटी खाली ठेवली, माझ्या हाताला धरून मला कागदापुढे उभं केलं आणि म्हणाली, "बाय, परत एक फावट वाच." मी वाचलं. ती म्हणाली, "आमकां कोणें विचारलें?"

हे वाक्य नंतर मी किती जणांच्या तोंडून ऐकलं त्याला मोजदाद नाही. सभेत, बैठकीत, दारात. सायबांना ते आडमुठेपणाचं वाटत असे. मला वाटतं, सगळ्या विरोधाचा गाभा तेवढाच होता.

सरपंचांकडे लेखी मागणी करून रविवारी खास ग्रामसभा बोलावून घेतली. पंचायतीचं सभागृह भरून माणसं व्हरांड्यात उभी राहिली. पलतडचीही बरीच आली होती. तो वॉर्ड दुसऱ्या पंचायतीत मोडतो, पण त्या दिवशी कुणी कुणाला बाहेर जा म्हटलं नाही. एकामागून एक बोलले. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जाणाऱ्या शेजाऱ्याची बायको बोलली. त्यांच्या रिक्षावाल्याने वळशाचे जास्त पैसे आताच सांगून ठेवले होते. दहावीच्या मुलांचे आईबाप बोलले, परीक्षा तोंडावर आली होती. एका बसमालकाने सांगितलं, वळशाने जायचं तर दिवसाच्या फेऱ्या निम्म्या होतील आणि डिझेल निघणार नाही, तो बस उभी करून ठेवील. कुळागरवाला सुपारी-केळी कुठून नेणार, दूधवाला डेअरीच्या वेळेत कसा पोचणार. प्रत्येकाची अडचण खरी होती.

आमच्यात दुरुस्तीच नको असं म्हणणारं कुणीच नव्हतं, असं लिहायला मला आवडलं असतं, पण ते खरं होणार नाही. दोघे-तिघे होते. एकाचं म्हणणं, पूल पन्नास वर्षं टिकलाय, अजून दहा टिकेल, नवा पूल मंजूर होईपर्यंत हात लावू देऊ नका. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. मग एका तरुणाने कामाच्या पहिल्या दिवशी पुलावर बसून रस्ता अडवायचा ठराव मांडला, आणि सभागृहातले निम्मे हात वर गेले. माझाही गेला. संतापाने गेला. पाच दिवसांची मुदत, इंग्रजी कागद, आणि विचारायला गेलेल्या पंचाला मिळालेलं "वरून आलंय" हे उत्तर, यांचा तो संताप होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय ठरलं. मी सांगितलं. त्या खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू मांडवीच्या फेरीत उभी राहून शिकलीस ना गं?"

माझं माहेर बार्देशातलं, मांडवीच्या पलीकडचं, पणजीच्या समोरचं. १९८६ साली जुलैच्या ५ तारखेला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी सतरा वर्षांची होते, नुकतं पणजीत कॉलेजात नाव घातलं होतं. पावसाचे दिवस. आदल्या आठवड्यात मी त्याच पुलावरून बसने गेले होते, आणि खिडकीतून बाहेर बघताना पूल पडेल असं काहीही माझ्या मनात आलं नव्हतं. बाहेरून तो धडधाकट होता, पुरता वीस वर्षांचाही नव्हता. माणसं गेली त्यात. त्यानंतर माझं सगळं कॉलेज पणजी-बेती फेरीबोटीच्या रांगेत गेलं, छत्री वाऱ्याने उलटी होत, वह्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. नवा पूल १९९२ साली वाहतुकीला खुला झाला तोवर माझं लग्न झालं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पूल बंद करू नका म्हणून मी हात वर केला होता, आणि त्या पुलाच्या पोटात काय आहे ते मी एकदाही पाहिलं नव्हतं.

सकाळी मी आमच्या गावच्या वकिलांकडे गेले. त्यांनी आदेशाची प्रत मागवून घेतली होती. मोटार वाहन कायदा, १९८८, त्यातलं कलम ११५. लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या, पुलाच्या अवस्थेमुळे वाहनांना मनाई करण्याचा अधिकार त्या कलमाने मिळतो. मनाई महिन्याहून जास्त असेल तर ती राजपत्रात छापावी लागते. महिनाभराच्या आतली असेल तर राजपत्राची गरज नाही, पण मग परिस्थितीनुसार जमेल तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यायला हवी. आमच्या आदेशात मुदत अठ्ठावीस दिवसांची होती. ठेकेदाराच्या माणसाने मात्र पंचाला काम पंचाहत्तर दिवसांचं आहे असं सांगितलं होतं. वकील म्हणाले, "टीचर, कोर्टात जाता येईल. पण तिथे ते एकच गोष्ट म्हणतील, पूल धोकादायक आहे. त्यावर आपल्याकडे काय आहे?"

आमच्याकडे काही नव्हतं. रस्ता अडवला असता तरी पोलिसांनी उचलून बाजूला केलं असतं आणि तो प्रश्न तसाच राहिला असता. म्हणून दोन गोष्टी करायच्या ठरल्या: पुलावरून कोण कधी जातं ते मोजायचं, आणि पूल खालून दाखवा अशी लेखी मागणी करायची. रस्ता अडवायचा ठराव कागदावर राहू दिला. तो मागे घेतला नाही याचा पुढे उपयोग झाला, हेही खरं.

मोजणी आम्ही तीन दिवस केली, पहाटे पाच ते रात्री दहा. कॉलेजातली आठ-दहा मुलं, दोन निवृत्त माणसं आणि मी शाळेच्या आधी-नंतर. वहीला रकाने पाडले: पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा, कार, बस, टेंपो, अवजड. शेवटचा रकाना मुलांनी स्वतः वाढवला, "कशासाठी". जमेल त्याला विचारायचं, नाही सांगितलं तर सोडून द्यायचं.

त्या शेवटच्या रकान्याने माझे डोळे उघडले. आकडे मोठे असणार हे माहीत होतं. पण रोज पहाटे सव्वापाचला काठी टेकत पूल ओलांडणारे आजोबा पलतडच्या मुलीला चहा करून द्यायला जातात, कारण ती अंथरुणाला खिळली आहे, हे पुलापासून दोनशे पावलांवर राहून मला माहीत नव्हतं. अंगणवाडीची बाई दोन्ही काठांची अंगणवाडी सांभाळते आणि दुपारी मुलांचं जेवण डब्यात घालून पायी नेते. रात्री नऊनंतर औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली की दुचाकींचा लोंढा येतो, त्यात बहुतेक मुली. आणि रात्री दहाच्या पुढे? मुलांनी एक रात्र जागून पाहिलं. साडेदहानंतर पहाटे पाचपर्यंत पूल जवळजवळ रिकामा. एक १०८ची रुग्णवाहिका, मासळीचे टेंपो, चारदोन दुचाक्या.

ही ओळ, रात्री पूल रिकामा असतो ही, वहीत लिहिताना त्या मुलांना तिचं मोल कळलं नव्हतं. मलाही नाही.

दरम्यान पाच दिवस संपले होते. कामाच्या पहिल्या सकाळी ठेकेदाराची माणसं बॅरिकेड घेऊन आली तेव्हा पुलाच्या दोन्ही तोंडांशी मिळून दोनशेच्या वर माणसं होती. बायका पुढे. कुणी बॅरिकेडला हात लावला नाही, आम्ही फक्त उभं राहिलो. पोलीस आले, मामलेदार आले, दुपारपर्यंत बोलणी झाली आणि बंदी आठ दिवस पुढे गेली. त्या आठ दिवसांत बैठक घ्यायची आणि पूल दाखवायचा, असं लेखी मिळालं. तो कागद मराठीत होता.

पूल दाखवायला आलेला अभियंता तिशीतला होता. ओहोटी साधून सकाळी आम्ही सहा जण त्याच्यासोबत बांधावरून खाली उतरलो, तिथून होडीने मधल्या खांबाकडे. गेली तीस वर्षं मी या पुलावरून जाते आहे. खालून तो मी पहिल्यांदाच पाहिला.

वरून करडा, सरळ, नेहमीचा दिसणारा पूल खालून सोललेला होता. गर्डरच्या, म्हणजे पूल तोलणाऱ्या आडव्या तुळयांच्या, तळाचं सिमेंट जागोजागी गळून पडलं होतं आणि आतल्या सळ्या उघड्या, तपकिरी, फुगलेल्या. त्याने हातोडीने हलकं टकटक केलं. एका ठिकाणी घट्ट आवाज आला, पुढच्याच हातावर पोकळ. पोपडा सुटून पाण्यात पडला. तो म्हणाला, लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, तो आतून काँक्रीट फोडतो. खाऱ्या पाण्यातले क्षार वर्षानुवर्षं आत झिरपत असतात. भेग पडली की वाट मोकळी.

मग त्याने बोट वर केलं. खांबाच्या माथ्यावर, गर्डर टेकतो तिथे, रबराच्या जाड वड्या असतात, त्यांना बेअरिंग म्हणतात. उन्हाने पूल फुगतो, रात्री आक्रसतो, गाडी गेली की दबतो. ते सगळं त्या वड्या सोसतात. आमच्या पुलाच्या वड्या चेपून, फाटून एका बाजूला सरकल्या होत्या. एक तर अर्धी बाहेर आली होती. "हे बदलायला वरचा अख्खा गाळा जॅक लावून उचलावा लागतो," तो म्हणाला. "किती उचलायचा?" मी विचारलं. "काही मिलिमीटर. पण तो जॅकवर असताना वर एकसुद्धा गाडी नको."

मी विचारलं, "मांडवीचा पूल असाच होता का?" त्याचा जन्मही तेव्हा झाला नसेल. पण त्याला माहीत होतं. त्या पुलात ताण दिलेल्या पोलादी तारा होत्या, काँक्रीटच्या आत, त्या गंजून गेल्या, तो म्हणाला. आत असल्याने बाहेरून दिसत नव्हतं. "इथे निदान दिसतंय."

आमच्यासोबत होडीत तो गृहस्थही होता, ग्रामसभेत अजून दहा वर्षं टिकेल म्हणणारा. तो परतीच्या वाटेवर काही बोलला नाही. बांधावर चढल्यावर त्याने अभियंत्याला विचारलं, "आज बस जातात त्या थांबवायला नकोत का?" मला त्याचा त्या क्षणी फार आदर वाटला.

आणखी एक गोष्ट त्याच होडीत कळली, ती माझ्या मनात सलते. पावसाचं पाणी पुलावरून खाली जायला नळ्या असतात. आमच्या पुलाच्या बहुतेक नळ्या लाल मातीने बुजलेल्या, त्यात गवत उगवलेलं. गाळ्यांमधल्या सांध्यांचं रबर केव्हाच उडून गेलं होतं. त्यामुळे सगळं पाणी सांध्यातून थेट खांबाच्या माथ्यावर, बेअरिंगवर पडत राहिलं, किती पावसाळे कोण जाणे. नळ्या साफ करायला यंत्र लागत नाही. एक सळई आणि दोन माणसं, पावसाळ्याआधी अर्धा दिवस. खात्याने ते केलं नाही, आणि आम्ही रोज त्यावरून गेलो आणि आम्हीही मागितलं नाही.

बैठक वरच्या कार्यालयात झाली. लांबलचक टेबल, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आम्ही नऊ जण. सुरुवातीला आम्हाला पुलाची अवस्था समजावून सांगायला लागले. वकिलांनी शांतपणे सांगितलं की ती आम्ही पाहून आलोय, दुरुस्तीला आमचा पाठिंबा आहे, कागदावर लिहून देतो. टेबलापलीकडचा आवाज त्यानंतर बदलला. मग मी वह्या पुढे केल्या.

त्यांनी त्या पाहिल्या. अभियंत्याने रात्रीचं पान उलटून पुन्हा पाहिलं आणि आपल्या वरिष्ठांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं. तिथून बोलणं बंद करायचा की नाही यावरून केव्हा, किती आणि कसा यावर आलं. खालचं काम, म्हणजे सडलेलं काँक्रीट काढून सळ्या साफ करून नवा थर देणं, वाहतूक चालू ठेवून होऊ शकतं, फक्त अवजड वाहनं पूर्ण बंद हवीत. सांधे एका वेळी अर्ध्या रुंदीत करता येतील, एका मार्गिकेतून गाड्या सोडायच्या. गाळा उचलायचं काम रात्री दहा ते पहाटे पाच, सकाळी गाळा नव्या वडीवर टेकवूनच पूल खुला करायचा. एका रात्री एकच खांब. यात काम लांबेल, ठेकेदाराचा खर्च वाढेल, असं ते म्हणाले. लांबू दे, आम्ही म्हटलं, पण पाऊस लागायच्या आत.

सगळं आम्हाला मिळालं नाही. मधला गाळा सर्वांत खराब होता, तो सलग चार दिवस पूर्ण बंद ठेवावा लागणार होता, त्यावर अभियंता हटला नाही. निदान पायी माणसं सोडा, असं मासेवाली मावशी धरून बसली. तेव्हा त्याने सावर्ड्याची आठवण दिली. कुडचडे-सावर्ड्याचा तो पोर्तुगीज काळातला पादचारी पूल, वापरायला बंदच होता. १८ मे २०१७ला नदीत उडी घेतलेल्या माणसाचा शोध चालला होता, तो पाहायला लोक त्या बंद पुलावर चढले आणि पूल लोकांसकट नदीत गेला. "मावशी, तुमच्या एकटीचं वजन काहीच नाही," तो म्हणाला. "पण एक सोडली की शंभर येतात, आणि मला मोजत बसता येणार नाही." मावशी थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मग त्या चार दिसांक होडी दी."

होडी मिळाली. फेरीबोट आम्ही आधीच मागितली होती, पण ओहोटीला इथे पाणी गुडघाभर आणि चढ-उतारासाठी धक्का नाही, तेव्हा ती शक्य नव्हती हे पटलं. बाहेरची यंत्राची होडी, लाइफ जॅकेट, आणि तारीच्या पायऱ्यांवरचा चिखल उपसायचं काम गावाने करायचं. एक रुग्णवाहिका चारही दिवस आमच्या बाजूला उभी राहील असं लिहून घेतलं. नवा आदेश मराठीतही निघाला आणि दहा दिवस आधी दोन्ही गावांत लावला गेला.

ते महिने सोपे गेले नाहीत. अवजड वाहनांच्या बंदीने घर बांधायला काढलेल्या तिघांची वाळू-चिरे अडकले. पावसाआधी छप्पर चढवायचं होतं, एकाचं राहिलं ते राहिलंच. त्याचं नुकसान आमच्यापैकी कुणीही भरून दिलं नाही. बसमालकाने एका मार्गिकेच्या दिवसांत दोन फेऱ्या कमी केल्या. सिलिंडरचा ट्रक पलीकडे थांबायचा आणि मुलं दुचाकीवरून सिलिंडर आणायची. पूर्ण बंद केला असता तर पंचाहत्तर दिवसांत संपलं असतं, तेच काम पाऊस दारात येईपर्यंत चाललं. रात्री हातोड्यांचा, जनरेटरचा आवाज. पुलाजवळच्या घरातली बाळं झोपत नव्हती.

पहिल्या रात्री गाळा उचलायचा होता तेव्हा आम्ही बरेच जण बांधावर जाऊन बसलो. दिव्यांच्या उजेडात खांबाच्या माथ्यावर चार-पाच जॅक, प्रत्येकापाशी एक माणूस, आणि एक जण मोठ्याने आकडे सांगत होता. सगळे जॅक एकदम वर जायला हवेत, एक मागे राहिला तर गर्डर पिळवटतो. बांधावर कुणी बोलत नव्हतं. पूल हललेला डोळ्यांना दिसला नाही. पण ठेकेदाराचा मुकादम खाली वाकला आणि त्याने जुनी वडी ओढून बाहेर काढली, तेव्हा कळलं की उचलला गेलाय. आमची वर्षानुवर्षं ये-जा जिच्यावर तोलली होती ती वडी त्याने आम्हाला हातात घेऊन बघू दिली. जड होती, कडा चुरा झालेल्या, मधून फाटलेली. मोजणी केलेल्या मुलांनी ती आळीपाळीने हातात घेतली. पहाटे पावणेपाचला बॅरिकेड बाजूला झालं आणि पुलावरून पहिला गेला तो आमचा पोदेर.

चार दिवसांच्या बंदीची भीती आम्हाला सर्वांत जास्त होती. त्याआधीचे तीन रविवार गावाने पायऱ्या उपसल्या. सात पायऱ्या निघाल्या, जांभ्या दगडाच्या, एकसारख्या घडवलेल्या. सासूबाईंना आम्ही खुर्चीवर बसवून बांधापर्यंत नेलं. त्यांनी पायऱ्या मोजल्या आणि म्हणाल्या, "अजून दोन आहेत खाली." पुढच्या ओहोटीला त्याही निघाल्या. डायलिसिसचे शेजारी त्या चार दिवसांतल्या दोन खेपांना होडीतून गेले, मुलांनी त्यांना खुर्चीसकट उतरवलं. त्यांची बायको नंतर मला म्हणाली, सतरा किलोमीटर खड्ड्यांतून जाण्यापेक्षा होडी बरी. तिसऱ्या दिवशी रात्री जोराचं वारं सुटलं आणि होडी दोन तास थांबली. तेव्हा कारखान्यातून सुटलेल्या सात मुली पलतडी अडकल्या. किराणा दुकानदाराने दुकान उघडं ठेवलं, त्यांना आत बसवलं आणि त्याच्या बायकोने भात केला. वारं पडल्यावर अकराच्या पुढे त्या घरी पोचल्या. त्यांच्या घरच्यांचे ते दोन तास कसे गेले ते मी पाहिलंय. रात्रीच्या पाळीला त्या दिवसांत सुट्टी मागायला हवी होती, ते आमच्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. ती चूक मी माझ्या वहीत लिहून ठेवली आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा सांधा भरला. उद्घाटन वगैरे नव्हतं, दुरुस्तीचं कुणी करत नाही.

दोन दिवसांनी पाऊस आला, पहिलाच, आडवा. शाळा सुटल्यावर मी छत्री घेऊन बांधावरून खाली उतरले. मोजणीतली दोन मुलं आधीच तिथे उभी होती, भिजत. नळ्यांमधून पाणी धारेने नदीत पडत होतं, सहाही नळ्या चालू. खांबांचे माथे कोरडे होते. तिसऱ्या खांबापाशी मात्र सांध्यातून एक थेंब लोंबत होता, पडायचा, पुन्हा लोंबायचा. एका मुलाने फोटो काढला. अभियंत्याचा नंबर माझ्याकडे होता, मी तो फोटो त्याला पाठवला, खाली खांबाचा क्रमांक लिहिला.

रात्री त्याचं उत्तर आलं, "टीचर, उद्या ओहोटी किती वाजता?"

मी भिंतीवरचं पंचांग काढून पाहिलं आणि त्याला वेळ कळवली.